बुलपप रायफल कशी पारखायची

रायफल कुणाचीही असो, हातात आली की पहिलं काम एकच: ती रिकामी आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा, कॉकिंग हँडल मागे ओढून धरा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, नजर टाका, अंधार असेल तर करंगळी घाला. मी सैन्यात 22 वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो आणि ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीवर हे काम समोर, छातीपुढे होतं. बुलपपवर, म्हणजे यंत्र दस्त्यात बसवलेल्या आखूड रायफलीवर, तेच करायला गेलं तर चेंबर सापडतं गालाखाली. खांद्यावरून उतरवून, आडवी केल्याशिवाय आत काही दिसत नाही. लष्करी प्रदर्शनात टेबलामागचा जवान हे काम करतो. त्याला ते सावकाश करून दाखवायला सांगा आणि त्याचे हात कुठेकुठे जातात ते बघा. बुलपपचा निम्मा स्वभाव तिथेच कळतो.

आमच्याकडे साताऱ्यात भरतीची तयारी करणारी पोरं संध्याकाळी मैदानावर माझ्याकडे येतात. मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, "काका, ही चांगली का ती चांगली?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. कसं बघायचं ते शिकवतो. तेच इथे लिहितोय.

आधी मांडणी समजून घ्या. नेहमीच्या रायफलीत ट्रिगरच्या पुढे मॅगझिन, त्याच्या वर चेंबर आणि ते बंद करणारा सरकता बोल्ट, आणि ट्रिगरच्या मागे खांद्याला टेकवायचा दस्ता. हा दस्ता लांबी खातो, पण गोळी उडवण्याच्या कामात त्याचा काही वाटा नसतो. बुलपपमध्ये सगळं यंत्र उचलून दस्त्याच्या पोटात बसवलेलं असतं. मूठ आणि ट्रिगर पुढे, मॅगझिन मुठीच्या मागे, जवळजवळ काखेत. नळी तेवढीच राहते, रायफल आखूड होते. या एका फायद्यासाठी बाकीचं सगळं सोसायचं असतं, म्हणून फायदा नेमका किती ते आधी मोजा.

टेप काढा आणि दोन आकडे लिहा: नळीची लांबी आणि एकूण लांबी. पहिल्याला दुसऱ्याने भागा. अमेरिकेची एम 16 ए 2 घ्या: नळी 508 मिलिमीटर, एकूण 1006. म्हणजे नळी निम्मी. आपली पक्क्या दस्त्याची इन्सास 960 ची, नळी 464, तीही साधारण निम्मी. आता ऑस्ट्रियाची स्टायर ऑग: नळी तीच 508, पण एकूण लांबी 790. ब्रिटिशांची एल 85 आहे 785 ची, तिची नळी 518. फ्रान्सची फामास 757, नळी 488. इस्रायलची टॅव्हॉर 720, नळी 460. सगळ्यांचा भागाकार करून बघा, नळी दोन तृतीयांशाच्या आसपास येते. एम 16 आणि ऑग शेजारी ठेवल्या तर नळी एकच आणि फरक 216 मिलिमीटरचा. आपल्या मापात सांगायचं तर एक वीत. बुलपप तुम्हाला एक वीत देते. त्यापेक्षा जास्त काही देत नाही.

एक बारकावा इथेच लक्षात ठेवा. टॅव्हॉरची धाकटी बहीण एक्स 95 आहे 580 ची आणि तिची नळी 330. भागाकार एकदम खाली येतो. बोल्ट, स्प्रिंग आणि मॅगझिन यांना लागणारी जागा ठरलेली असते, ती कमी होत नाही. नळी जसजशी आखूड कराल तसा बुलपपचा भागाकार घसरतो. म्हणून ही मांडणी खरी शोभते ती लांब नळीला.

आता आकडे बाजूला ठेवा आणि पाइप घ्या. मी पोरांना नळाच्या दुकानातून प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे आणायला लावतो, एक मीटरभराचा आणि एक 79 सेंटिमीटरचा. लांब तुकड्याच्या मध्यावर दोन किलो वाळूची पिशवी घट्ट बांधायची, आखूड तुकड्याच्या पार मागच्या टोकाला. मग पाठीवर सामानाने भरलेली सॅक घेऊन बोलेरोच्या मागच्या बाकावर समोरासमोर सहा जण बसवायचे आणि सांगायचं, उतरा. मीटरभराचा पाइप दाराला लागतो, छताला लागतो, समोरच्याच्या गुडघ्यात जातो. आखूड पाइपवाला सरळ उतरतो. दहा वेळा करा.

हाच अनुभव मला 2013 मध्ये लेबनॉनमध्ये आला. आमची भारतीय तुकडी तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होती, हर्मोन डोंगराच्या पायथ्याकडच्या भागात. आयरिश आणि फ्रेंच तुकड्याही होत्या. आयरिश पोरांकडे स्टायर, फ्रेंचांकडे फामास, आमच्याकडे इन्सास. नाकूराच्या मुख्यालयात एकदा मी आयरिशांच्या मोवॅग या चिलखती गाडीत मागे बसून बघितलं. इन्सास दोन पायांच्या मध्ये उभी धरली तर तिचं तोंड माझ्या कपाळाशी येत होतं. समोरच्या आयरिश जवानाची स्टायर त्याच्या हनुवटीखाली होती आणि दोन्ही हात मोकळे. चिलखती गाडीत बसून लढाईला जाणाऱ्या युरोपच्या सैन्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात बुलपप का उचलली हे मला त्या बाकावर बसल्यावर नीट कळलं.

त्यांच्या एका आर्मररने माझ्यासमोर ती स्टायर उघडली. भाषा अर्धी कळत होती, पण आर्मररला आर्मररचे हात कळतात. कॉकिंग हँडल मागे अडकवलं, नळीची खिट्टी दाबली, नळी फिरवली आणि पुढच्या मुठीसकट उपसून माझ्या हातात दिली. मग दस्त्याची मागची टोपी काढून आतून हॅमरची, म्हणजे गोळी उडवायला घाव घालणाऱ्या भागाची, पेटी बाहेर ओढली. ती प्लास्टिकची होती! मी ती दोनदा उलटसुलट करून बघितली. आमच्या वर्कशॉपमध्ये हॅमर म्हणजे पोलाद, एवढंच माहीत. इतक्या हलक्या डबीवर त्यांचं सैन्य वर्षानुवर्षं चालतं हे बघून त्या कामाबद्दल आदर वाटला आणि तो आजही आहे.

त्यानंतर त्याने मला रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढायला दिला, आणि पारखण्यातली पुढची पायरी तीच आहे. बोट सावकाश मागे आणा, डोळे मिटून. नेहमीच्या रायफलीत ट्रिगर आणि हॅमर शेजारी असतात. बोटाला एक टप्पा लागतो, मग भिंत, मग कट. बुलपपमध्ये ट्रिगर पुढे आणि हॅमर मागे, मध्ये जोडणारी लांब सळी. तुमच्या आजोबांची सळीच्या ब्रेकची सायकल आठवा. ब्रेक दाबला की आधी सगळे सांधे आपली ढिलाई काढून घेणार, मग रबर रिमला लागणार. तसंच इथे. ट्रिगर लोण्यातून गेल्यासारखा मऊ लागतो आणि सुटतो कधी ते नेमकं कळत नाही. स्टायरमध्ये तर एकेक गोळी की सलग फायर हेही ट्रिगरच ठरवतो: अर्धा ओढला तर एक, पूर्ण ओढला तर सलग. शंभर मीटरवर याने फारसं बिघडत नाही. तीनशे मीटरवर, दमलेल्या हातांनी, बिघडतं. चांगला नेमबाज सरावाने जुळवून घेतो. पण सैन्यात सगळेच चांगले नेमबाज नसतात, आणि शस्त्र मधल्या फळीच्या जवानासाठी बनवायचं असतं. हे माझं ठाम मत आहे.

आता मॅगझिन बदलून बघा, आणि ते पडून करा. पोटावर झोपा, रायफल खांद्यात ठेवा, डोळा समोर. नेहमीच्या रायफलीत डावा हात पुढे जाऊन मॅगझिन काढतो आणि ते नजरेच्या कडेला दिसत असतं. बुलपपमध्ये डावा हात मुडपून काखेकडे न्यावा लागतो, कोपर जमिनीत रुततं, रायफल खांद्यातून हलते आणि डोकं वर उठतं. डोकं वर उठणं हीच यातली सगळ्यात महाग गोष्ट. उभ्याने मात्र उलट होतं: वजन मागे असल्यामुळे बुलपप एका मुठीत अंगाला चिकटून राहते आणि दुसरा हात दार ढकलायला, शिडी धरायला, जखमी साथीदाराला ओढायला मोकळा राहतो. म्हणून दोन्ही करून बघा, एकावरून निकाल देऊ नका. बोटांच्या पोचेचं आणखी एक उदाहरण चीनच्या क्यूबीझेड 95 चं. तिचा सेफ्टीचा खटका मूळ नमुन्यात पार मागे दस्त्याकडे होता, मुठीवरचा हात सोडल्याशिवाय पोचता येत नव्हतं. सुधारित नमुन्यात तो मुठीजवळ आणावा लागला.

सगळ्यात मोठी परीक्षा डाव्या खांद्याची. आमच्या तुकडीत सांगलीकडचा एक डावखुरा जवान होता, नेम असा की सुट्टीच्या दिवशी लोक त्याचं फायरिंग बघायला थांबत. त्याने स्टायर उचलून सवयीने डाव्या खांद्याला लावली आणि आयरिश आर्मररने पटकन हात आडवा घातला. रिकाम्या पुंगळ्या उजव्या बाजूने बाहेर पडतात आणि ती खिडकी डाव्या खांद्यावर बरोबर तोंडाशी येते. तापलेली पितळेची पुंगळी, वेग सुतळी बॉम्बच्या चिंधडीसारखा, आणि समोर ओठ आणि दात. स्टायरमध्ये याला उपाय आहे: डाव्या हाताचा बोल्ट बसवायचा आणि खिडकीचं झाकण दुसऱ्या बाजूला लावायचं. फामासमध्येही बोल्टवरचा पुंगळी ओढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, आणि गालाची पट्टी यांची बाजू बदलता येते. पण हे टेबलावर बसून करायचं काम आहे. ब्रिटिशांच्या एल 85 मध्ये तर तेवढीही सोय नाही. तिचं कॉकिंग हँडल उजव्या बाजूला असतं आणि प्रत्येक गोळीबरोबर मागे-पुढे धावतं, म्हणून ब्रिटिश सैन्यात डावखुऱ्यालाही ती उजव्या खांद्यावरूनच चालवायला शिकवतात.

"डावखुरे असतात तरी किती?" असं म्हणून हा मुद्दा सोडू नका. आखूड पाइप घ्या आणि घराच्या दाराच्या चौकटीशी उभे राहा, असे की भिंत तुमच्या उजवीकडे आहे आणि तुम्हाला तिच्या डाव्या कडेवरून पलीकडे बघायचं आहे. उजव्या खांद्यावर पाइप ठेवला तर निम्मं अंग बाहेर काढल्याशिवाय पाइपचं तोंड बाहेर येत नाही. डाव्या खांद्यावर घेतला की फक्त एक डोळा आणि पाइपचं टोक बाहेर. घराघरांतून, गल्लीबोळांतून लढणाऱ्या प्रत्येक जवानाला दर दुसऱ्या कोपऱ्यावर हे लागतं, तो उजवा असो की डावा. आखूडपणामुळे बुलपप शहरातल्या लढाईला चांगली म्हणायची आणि त्याच शहराच्या डाव्या कोपऱ्यावर ती अडणार, ही तिची खरी कोंडी आहे. बेल्जियमच्या एफ 2000 ने यावर बुद्धी लावली: पुंगळी आतल्या नळकांड्यातून पुढे ढकलली जाते आणि नळीच्या तोंडाकडच्या बाजूला पडते, त्यामुळे ती दोन्ही खांद्यांवर चालते. युक्ती चांगली. पण आत जास्त भाग आले, आणि अडकलेली पुंगळी शोधायला झाकण उघडून बघावं लागतं. आर्मरर म्हणून मला असला आडवळणी मार्ग आवडत नाही.

गालाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट बघा. चेंबर फुटणं क्वचित होतं, पण खराब काडतुसाने होऊ शकतं. नेहमीच्या रायफलीत तो स्फोट चेहऱ्यापासून वीतभर पुढे होतो. बुलपपमध्ये तो गालाखाली होतो. सिंगापूरने आपल्या सार 21 मध्ये गालाच्या जागी केव्हलार या भक्कम धाग्याचा पत्रा बसवला आणि वायू बाहेर पडायला वेगळी वाट ठेवली. कुठलीही बुलपप हातात आली की गालाखाली काय आहे ते विचारा. आवाजाचंही तसंच. नळीचं तोंड एक वीत जवळ, म्हणून कानाला दणका जास्त.

यानंतर बुलेटप्रूफ जॅकेट घाला. खरं मिळालं नाही तर जाड स्वेटरवर पुस्तकांनी भरलेली सॅक छातीवर उलटी अडकवा. आता आखूड पाइप खांद्याला लावा आणि ट्रिगरच्या जागी सुतळी बांधून तिच्यापर्यंत बोट पोचतंय का बघा. बहुतेक बुलपपमध्ये दस्त्याच्या पोटात यंत्र असल्यामुळे दस्ता आत सरकवता येत नाही. तो जेवढा आहे तेवढाच. साडेपाच फुटांच्या जवानाने बुलेटप्रूफ जॅकेट घातलं की रायफल दोन-तीन इंच पुढे जाते, कोपर ताणलं जातं, मान पुढे येते. अमेरिकेच्या एम 4 चा दस्ता मात्र एका बोटाने मागेपुढे सरकतो. तो पूर्ण आत घातला की एम 4 ची लांबी साधारण 756 मिलिमीटर भरते. फामास 757. लांबी सारखीच झाली! फरक राहिला नळीचा: एम 4 ची 368, फामासची 488.

तो 120 मिलिमीटरचा फरक किती मोलाचा, यावर सगळा वाद येऊन थांबतो. लांब नळीत बारूद पूर्ण जळतं, गोळीला वेग मिळतो, तोंडाशी ज्वाला कमी दिसते. 5.56 मिलिमीटरची छोटी गोळी आपलं काम वेगावरच करते, त्यामुळे पूर्वी हा फरक फार मोलाचा होता. पण काडतुसं बदलली. अमेरिकेने 2010 पासून दिलेलं एम 855 ए 1 काडतूस एम 4 च्या आखूड नळीला नजरेसमोर ठेवूनच तयार केलं. नळीचा मोबदला काडतुसातून मिळू लागला तसा बुलपपचा एक वीत फायदा स्वस्त झाला.

सैन्यांचे निर्णय वाचताना हा हिशेब हाताशी ठेवा. फ्रान्सने 2016 मध्ये फामासऐवजी जर्मन एचके 416 निवडली. न्यूझीलंडने 2015 मध्ये स्टायर सोडून अमेरिकी बनावटीची नेहमीच्या मांडणीची रायफल घेतली. चीनने 2019 च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात क्यूबीझेड 191 दाखवली, तिला सरकता दस्ता आहे आणि मॅगझिन मुठीच्या पुढे. ब्रिटनने 2023 मध्ये आपल्या विशेष तुकड्यांसाठी नेहमीच्या मांडणीची एल 403 निवडली. दुसरीकडे ऑस्ट्रेलिया लिथगोच्या कारखान्यात स्टायरचीच सुधारित आवृत्ती बनवते, आणि क्रोएशियाचं सैन्य स्वतःची व्हीएचएस वापरतं. "बुलपप संपली" म्हणणाऱ्याला या दोघांची आठवण द्या.

आणि प्रत्येक दोष मांडणीच्या माथी मारू नका. एल 85 ची पहिली आवृत्ती 1985 मध्ये आली आणि 1991 च्या आखाती युद्धात वाळूत अडू लागली, प्लास्टिकचे भाग तुटले, मॅगझिन आपोआप गळून पडली. यातलं अडणं आणि तुटणं हा कारागिरीचा दोष होता. पुढे जर्मनीच्या हेकलर अँड कोखकडून सुमारे 2 लाख रायफली आतून नव्याने करून घेतल्या आणि त्या नीट चालू लागल्या, मांडणी तीच असताना. मॅगझिनची गोष्ट मात्र वेगळी. ती सोडणारं बटण डाव्या बाजूला होतं, आणि बुलपप गळ्यात अडकवली की नेमका तोच भाग छातीवरच्या सामानाला घासतो. बटणाभोवती उंच कड बसवल्यावर ते थांबलं. एकाच रायफलीतले दोन दोष, एक हातांचा, एक आराखड्याचा. हे वेगळे काढता आले की तुम्ही पारखायला शिकलात असं मी मानतो.

फामासबाबतही असंच बघा. तिची बोल्टची पद्धत अशी की पुंगळीवर जास्त ताण येतो, म्हणून फ्रेंच तिला पोलादी पुंगळीचं काडतूस देत. याचा बुलपप असण्याशी संबंध नाही.

नेम साधायच्या साधनाकडे फार वेळ घालवायला नको. आखूड रायफलीवर लोखंडी साइटमधलं अंतर कमी पडतं, म्हणून ऑगवर दीडपट आणि एल 85 वर चौपट दुर्बीण सुरुवातीपासून आली. पण सरळ दस्त्यामुळे दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते. वाळूच्या पोत्याआडून दुर्बिणीतून समोरचं मैदान साफ दिसतं आणि गोळी पोत्याच्या कडेत जाते. पाइपवर काडेपेटी चिकटवून अंगणातल्या कठड्यावर हे बघता येतं.

आपल्याकडचं काय, हे पोरं शेवटी विचारतातच. टॅव्हॉर आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेस, नौदलाचे मार्कोस, हवाई दलाचे गरुड यांच्याकडे आहे, एक्स 95 सीआरपीएफच्या कोब्रा तुकड्यांकडे, आणि ग्वाल्हेरजवळ मालनपूरला त्या बनवायचा कारखानाही आहे. पायदळाने मात्र 2019 मध्ये 72,400 सिग 716 मागवल्या आणि आता अमेठीजवळ कोरव्याला एके 203 बनते. दोन्ही नेहमीच्या मांडणीच्या. मला हे बरोबर वाटतं. होडीतून जहाजावर चढणाऱ्या मार्कोसला, हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या पॅराला, नळीच्या तोंडाला सहा-सात इंचांचा सायलेन्सर लावणाऱ्याला ती एक वीत सोन्यासारखी आहे. तो निवडून घेतलेला जवान असतो, त्याच्याकडे सरावाला दिवस आणि दारूगोळा दोन्ही असतात. डोंगरावर पायी चालणाऱ्या, दगडाआड पडून मॅगझिन बदलणाऱ्या, जाड कपड्यांत हात अडकलेल्या पायदळाला सरकता दस्ता आणि समोर दिसणारं मॅगझिन जास्त उपयोगाचं.

म्हणून रायफलीचं नाव ऐकण्याआधी कागदावर पाच ओळी लिहा. ती कोण वापरणार, तो कशातून उतरणार, बहुतेक वेळा किती मीटरवर मारणार, अंगावर काय घातलेलं असणार, आणि वर्षाला त्याला सरावाच्या किती गोळ्या मिळणार. त्याखाली नळी भागिले लांबी लिहा. मग पाइप उचला आणि दाराशी, त्या भिंतीच्या डाव्या कडेशी जा.